उकिडवे सरांचा आकडा

डॉ. प्रभाकर उकिडवे यांना कोणताही शोधनिबंध पहिल्या पानापासून वाचताना मी कधी पाहिले नाही. निबंध हातात आला की ते तो उलटा करत, शेवटचे पान काढत आणि संदर्भांच्या यादीवरून उजव्या हाताचे बोट वरून खाली नेत. बोट मध्येच कुठे थांबले तर निबंध टेबलाच्या डाव्या बाजूला जाई. थांबले नाही तर उजव्या बाजूला, रद्दीत. डाव्या गठ्ठ्यातले निबंध तरी ते पुढे वाचत, असे नाही. त्यांचे नाव यादीत आहे एवढे कळले की त्यांच्या दृष्टीने वाचन संपलेले असे.

वाशीच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मी वर्तमानपत्रात शिक्षणाच्या बातम्या पाहत असे, त्यामुळे ते मला जिन्यात गाठत. बातमी एकच असे. त्यांच्या निबंधांचे इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख, म्हणजे सायटेशन, वाढलेले असत. ते फोन पुढे करून आकडा दाखवत आणि विचारत, "छापणार का?" मी नाही म्हणत असे. ते रागावत नसत. "तुमच्या वाचकांची तेवढी पातळी नाही," असे म्हणून ते वर जात.

खाडीकडेच्या एका खासगी विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. विषय कंडेन्स्ड मॅटर. सोप्या भाषेत सांगायचे तर काचेसारख्या एखाद्या तुकड्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा, तो थंड करत न्यायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचे. विषय सुंदर आहे असे ते सांगत. मात्र त्याच्या सौंदर्याबद्दल त्यांना बोलताना ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही. ते बोलत ते एच-इंडेक्सबद्दल. वीस निबंध असे असतील की ज्यांतल्या प्रत्येकाचा किमान वीसदा उल्लेख झाला आहे, तर एच वीस. ही व्याख्या त्यांनी सोसायटीच्या वॉचमनलाही समजावली होती.

एकदा सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सरांना म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही जरा कमी बोला, टाकीचं तुम्हाला काय कळतं?"

"तुमचा एच किती?" सरांनी विचारले.

"माझा काय?"

"तेच म्हणतोय. माझा बघा आणि मग माझ्याशी बोला."

सभा हसली. सर हसले नाहीत. त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले होते. टाकीचा ठराव त्यांच्याविना संमत झाला.

प्रयोगशाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली होती. तिच्यात सरांच्या एकूण सायटेशनचा आकडा असे. बाकीचा फळा कोणीही पुसू शके, चौकटीला हात लावायचा नाही. दर सोमवारी एका विद्यार्थ्याने नवा आकडा लिहायचा, असा नियम होता. तुर्भ्याहून येणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनची टाकी ढकलत आणणारे म्हात्रे नावाचे शिपाई फळ्याकडे बघून दर सोमवारी विचारत, "काय सर, लागला का आकडा?" बाकी कोणी असे विचारले असते तर त्याचे काही खरे नव्हते. म्हात्र्यांना पीएचडी करायची नव्हती, म्हणून ते विचारू शकत.

विद्यार्थ्यांमध्ये आणखी एक शब्द होता, नैवेद्य. या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात सरांच्या जुन्या निबंधांचा उल्लेख असलाच पाहिजे. विषयाशी संबंध असो वा नसो. त्याशिवाय सर सही करत नसत. "नैवेद्य दाखवलास का?" असे मुले एकमेकांना विचारत. इतरांचे निबंध तपासायला आले की सर शेरा लिहीत: काम बरे आहे, मात्र लेखकांनी पुढील महत्त्वाचे संदर्भ जोडावेत. खाली स्वतःचेच निबंध. हे गैर आहे असे त्यांना वाटत नव्हते. "देवळात शिरताना घंटा वाजवतात की नाही?" असे ते म्हणत.

हे सगळे खरे असले तरी त्यांच्या हाताबद्दल दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नमुन्याची वीज मोजायची तर त्यावर चांदीच्या पेस्टचे चार ठिपके द्यावे लागतात आणि प्रत्येकात केसासारखी तार बसवावी लागते. बाहेरच्या दोन ठिपक्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन ठिपक्यांवर मोजायची. विद्यार्थ्यांची यात दुपार जाई. सर सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक कुंचल्याने, बोलता बोलता चारही ठिपके देत आणि एकही पसरत नसे. त्यांच्यासारखा हात विभागात कोणाचा नव्हता, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होते. आणि त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "संशय घ्यायचा तर सगळ्यावर घ्या. माझ्या चांदीवर घ्यायचा नाही."

त्यांचा गाजलेला निबंध याच हाताचा होता. एका ऑक्साइडचा थर थंड करत नेला असता एका विशिष्ट तापमानाला त्याचा विद्युतरोध एकदम कोसळतो, असे त्यात दाखवले होते. आलेखात सरळ चाललेली रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येत होती. प्रयोगशाळेत त्या जागेला "घट" म्हणत. घटीवर सरांची बढती झाली, घटीवर विद्यापीठाला निधी मिळाला आणि चौकटीतल्या आकड्याचा मोठा भागही घटीचाच होता.

प्रणाली पाटील त्यांच्याकडे पीएचडीला आली ती याच घटीवर काम करायला. ती कोपरखैरणे गावातली, आगरी. गावात तिच्या वडिलांची भाड्याने दिलेली इमारत होती. घरात पहिली पदवी तिची. सरांनी तिला काम दिले ते सोपे होते. घट पुन्हा मोजायची आणि थराची जाडी बदलली तर ती कुठे सरकते ते सांगायचे.

पुढचे मी प्रणालीकडून ऐकले आहे आणि तिच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने त्याला दुजोरा दिला आहे.

घट तिला कधी मिळे, कधी मिळत नसे. मिळत नसे तेव्हा सर म्हणत, "पुन्हा माप." ती पुन्हा मापे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिने चांदीऐवजी इंडियम नावाच्या मऊ धातूचे ठिपके दाबून बसवले. घट नाहीशी झाली. चांदी लावली की यायची, इंडियम लावले की जायची. मग तिने ठिपकेच तपासले. थंडीत चांदीचा आतला एक ठिपका थरापासून किंचित सुटत होता. तो सुटला की मोजणाऱ्या यंत्राला काहीच पोचत नसे आणि ते शून्य दाखवत असे. थराला काहीही होत नव्हते.

हे लिहून, आलेख जोडून, ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी मसुदा उलटा केला आणि शेवटची यादी पाहिली. नैवेद्य होता. मग ती म्हणाली, "सर, कॉन्टॅक्ट सुटतोय. घट कॉन्टॅक्टची आहे. मटेरियलची नाही."

"तुझा सुटत असेल."

"सर, तुम्ही ठिपके लावलेल्या नमुन्यावरही बघितलं. तुमचाच जुना नमुना होता कपाटात."

सरांनी मसुदा खणात ठेवला. "पुन्हा माप. घट आल्याशिवाय थिसिस सबमिट होणार नाही."

घट येईपर्यंत पदवी नाही, आणि घट नाहीच, हे तिला त्या दिवशी कळले. तिने मार्गदर्शक बदलायचा विचार केला. त्यासाठीही सरांचीच सही लागत होती. ती मापत राहिली. मसुदा खणात राहिला. शिष्यवृत्ती संपली.

चौथ्या वर्षी तिचे वडील विभागात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात शेतातल्या शेवग्याच्या शेंगा. शेत म्हणजे इमारतीमागे उरलेली पट्टी. सरांनी त्यांना बसवले, चहा मागवला. त्या वेळी दारात म्हात्रे उभे होते, त्यामुळे हा संवाद सगळ्या विभागाला पाठ आहे.

"सर, पोरीचा कवा होनार? लोकं इचारतान. मी सांगतो, शिकतंय. ती म्हनतान, अजून?"

"तुमच्या मुलीत बुद्धी आहे," सर म्हणाले, "पण हात जड आहे. त्यात तिचा दोष नाही. पिढ्यानपिढ्या मिठागरात फावडं मारलेले हात. हे काम बारीक असतं."

वडिलांनी कप खाली ठेवला. "मिठागरान माजा बाप व्हता, सर. पोरीनं मीठ फकस्त ताटान बघलंय."

सर हसले. शेंगा त्यांनी घरी आणल्या. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांची आमटी केली आणि आमच्याकडेही वाटी पाठवली.

पाचव्या वर्षी चौकटीतला आकडा अचानक वेगाने वाढू लागला. सर सोमवारची वाट न पाहता मधल्या वारीही आकडा लिहायला लावत. जिन्यात त्यांनी मला थांबवले. "जगाला कळायला वेळ लागतो," ते म्हणाले. विभागात पेढे वाटले गेले.

कारण असे होते. परदेशातल्या एका गटाने घट तपासली होती. ती चांदीच्या सैल ठिपक्यामुळे दिसते, हे त्यांनी इंडियम वापरून दाखवले होते. म्हणजे खणातल्या मसुद्यात होते तेच. तो निबंध गाजला. त्यानंतर जो कोणी अशा मोजणीबद्दल लिही तो सावधगिरीचे उदाहरण म्हणून उकिडवे यांचे नाव घेई. प्रत्येक उदाहरण म्हणजे एक सायटेशन. सायटेशनचे यंत्र नावे मोजते. नाव कशासाठी घेतले ते मोजत नाही.

विभागातल्या इतर प्राध्यापकांनी तो निबंध वाचला होता. त्यांनी सरांचे अभिनंदन केले आणि पेढे खाल्ले.

प्रणाली मात्र सरांना सांगायला गेली.

"सर, बाहेरच्या ग्रुपचा तो नवा पेपर वाचलात?"

"माझा संदर्भ आहे त्यात?"

"आहे, सर."

"कितव्या नंबरवर?"

"पहिल्या."

"मग झालं," सर म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते. सत्काराचा कार्यक्रम त्यांनी स्वतः आखला. वाशीतले सभागृह, शाल, श्रीफळ, विद्यापीठाचे एक पदाधिकारी. भाषणांऐवजी त्यांना वेगळे काही हवे होते. त्यांच्या निबंधाबद्दल जगभरच्या लोकांनी काय लिहिले आहे, ते पडद्यावर दाखवून मोठ्याने वाचायचे. हे काम त्यांनी प्रणालीला दिले. "वाक्यं तू निवड. जास्तीत जास्त देश आले पाहिजेत. माझं नाव लाल अक्षरात."

तिने तयार केलेले सादरीकरण आदल्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवले. "सर, एकदा बघून घ्या."

त्यांनी शेवटचे पान उघडले. तिथे एकूण आकडा होता. तो बरोबर होता. "छान," ते म्हणाले.

सभागृह भरले होते. दादरहून आणि पुण्याहून नातेवाईक आले होते, सोसायटीतले बहुतेक सगळे होते. विभागातले लोक मागच्या रांगेत बसले. काकू पहिल्या रांगेत, नारायणपेठी नेसून. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. प्रणालीने माइक हातात घेतला. वाक्ये इंग्रजीत होती आणि तिने ती भरभर, कोणताही चढउतार न करता वाचली. इथे त्यांचा आशय देतो.

पडद्यावर मोठ्या अक्षरात जपान असे आले. तिने वाचले, "उकिडवे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेली घट अन्य कोणालाही पुन्हा आढळलेली नाही."

काकूंनी टाळी वाजवली. त्यांना इंग्रजी येत होते, पण हे इंग्रजी नाही. त्यांना लाल अक्षरातले नाव दिसले होते. त्यांच्यामागोमाग नातेवाईकांनी टाळ्या वाजवल्या. सर मान झुकवून हसले. ते देशाचे नाव पाहत होते.

पुढचा देश. "अपुऱ्या तपासणीतून काढलेल्या निष्कर्षाचे ठळक उदाहरण म्हणून उकिडवे यांच्याकडे पाहता येईल."

या वेळी सभागृह तयार होते. टाळ्या जोरात पडल्या. मागच्या रांगेतही कोणीतरी सुरुवात केली आणि मग ती सगळी रांग वाजवू लागली, इतरांपेक्षा जास्त वेळ. सरांनी खिशातून चष्मा काढला.

"चला, ब्राझील पण आलं!" मागून आमच्या सोसायटीचे बँकवाले गृहस्थ म्हणाले. "सैल जोडणीने काय होते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आम्ही उकिडवे यांचा आलेख दाखवतो," प्रणालीने वाचले.

सर आता पडद्यावरचे वाक्य वाचत होते. पहिल्या शब्दापासून. ओठ हलत होते. ते वाचून होईपर्यंत पुढचा देश आला, मग त्याच्या पुढचा. प्रणाली थांबली नाही आणि तिने आवाजही वाढवला नाही. टाळ्यांचा एक ठेका बसला होता. शेवटच्या पानावर एकूण आकडा आला तेव्हा लोक उभे राहिले. पदाधिकाऱ्यांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली. सरांना उत्तरादाखल बोलायचे होते. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "धन्यवाद. एवढ्या देशांतून."

बाहेर जेवणाच्या रांगेत काकू प्रणालीला म्हणाल्या, "काय गोड वाचलंस गं. एकदाही अडखळली नाहीस."

दुसऱ्या दिवशी प्रणाली सरांच्या खोलीत गेली. खण उघडा होता आणि मसुदा टेबलावर होता. सत्काराबद्दल दोघेही बोलले नाहीत.

"सर, आता सही कराल?"

सरांनी मसुदा तिच्याकडे सरकवला. "कशावर? यात नवीन काय आहे? हे बाहेर सिद्ध होऊन छापूनही आलं. पीएचडी नवीन ज्ञानाला मिळते."

"मी आणलं तेव्हा नवीन होतं, सर."

"तेव्हा ते चुकीचं होतं," उकिडवे म्हणाले.

मार्गदर्शक बदलण्याच्या अर्जावर मात्र त्यांनी लगेच सही केली. निवृत्त माणसाला ती द्यावीच लागते. नव्या मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचून तेच सांगितले, फक्त हळू आवाजात. या विषयावर आता पदवी होणार नाही. प्रणालीने विषय बदलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खाडीच्या पाण्यातला खारटपणा मोजू शकेल असा पातळ थर बनवायचा. घटीशी, त्या ऑक्साइडशी, त्याचा संबंध नव्हता. विभागाने फळ्यावरची चौकट पुसली. ती कोणी पुसली हे सांगायला कोणी तयार नाही. म्हात्रे म्हणतात, पाण्याने पुसावी लागली, नुसत्या डस्टरने जात नव्हती.

निवृत्तीनंतर सर सकाळी खाडीच्या कडेने फिरायला जात आणि बाकावर बसून फोन उघडत. काही काळ आकडा वाढत राहिला. चूक दाखवणारे असोत, नाव तर घेतात, असे ते मला म्हणाले. त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि ती टिकलीही असती. पण सगळ्यांना माहीत झालेली चूक कोणी पुन्हा पुन्हा सांगत नाही. तरुण संशोधक चांदीचा धोका पाठ्यपुस्तकातून शिकू लागले. तिथे नाव नव्हते. आकडा आधी मंदावला, मग थांबला. आता त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि ते फोन नाकाजवळ धरून बघतात. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "वाढला का हो?" ते फोन आणखी जवळ धरतात.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते त्यांच्याच घरात. सोसायटीच्या कामासाठी सह्या घेत फिरत होतो आणि ते चष्मा शोधत होते. बेल वाजली. प्रणाली आणि तिचे वडील होते. तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स आणि काळ्या बांधणीचा प्रबंध. तिला पदवी मिळाली होती.

"सर, तुमच्यासाठी एक कॉपी," ती म्हणाली.

सरांचा चेहरा उजळला. मी तो बऱ्याच दिवसांनी तसा पाहिला. प्रबंधातले उल्लेखही मोजले जातात, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते.

"नाव सोन्याचे अक्षरान आलंय, सर," वडील म्हणाले. "भायेर बघा, भायेर."

सरांनी बाहेरची बाजू पाहिली नाही. प्रबंध मांडीवर घेतला, उलटा केला आणि मागून उघडला. चष्मा सापडला होता. बोट पहिल्या क्रमांकावर ठेवून ते खाली आणू लागले. काकूंनी सरबत आणले. वडिलांनी भिंतीवरचा सत्काराचा फोटो पाहिला आणि मग दुसरीकडे पाहिले. प्रणाली दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. हात अजिबात हलत नव्हते. पाने उलटली जात होती. बोट कुठे थांबले नाही. यादी संपली तेव्हा ते कोऱ्या पानावरही थोडे खाली गेले.

"यादी अपुरी आहे," सर म्हणाले.

प्रणालीने पेढ्यांचा बॉक्स उघडून टीपॉयवर ठेवला.

"पुन्हा बघा, सर," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला आणि बोट पुन्हा पहिल्या क्रमांकावर ठेवले.